शेवटचा थेंब अण्णांचा

आमच्या आत्याला काम करताना कुणी पहिल्यांदा पाहिलं की तो आधी दोन पावलं मागे सरकतो. टेबलावर हातभर लांब नळीची बंदूक, आणि तिच्यावर वाकलेली पन्नाशीची बाई, कपाळाला दिवा बांधलेली. मग त्याला कळतं की बंदूक खेळातली आहे, आत गोळीबिळी नाही, मोत्याएवढा प्लास्टिकचा छर्रा आहे. मग तो तीच दोन पावलं पुढे येतो आणि सल्ला द्यायला लागतो.

आत्या सल्ला ऐकून घेते आणि "हं" म्हणते. तिच्या "हं"चे तीन प्रकार आहेत. आखूड "हं" म्हणजे ऐकलं. नाकातून आलेलं "हंऽ" म्हणजे ऐकलं पण पटलं नाही. आणि ओठ मिटून, नुसत्या गळ्यातून काढलेलं जे असतं ते म्हणजे आता चपला घाला.

गावाबाहेर कौलांचा बंद पडलेला कारखाना आहे. तिथे दर रविवारी मोठमोठी माणसं मुखवटे आणि जाड चष्मे चढवून दोन टोळ्या करतात आणि भिंतींआडून एकमेकांवर छर्रे झाडतात. लागला की हात वर करून "लागला!" असं ओरडायचं आणि मुकाट्याने बाहेर येऊन बसायचं. भाड्याने मिळणाऱ्या बंदुका टरटर वाजतात आणि मूठभर छर्रे उधळतात. त्यातला एखादा लागतो. पण काहीजणांकडे स्वतःची लांब बंदूक असते. ती एका वेळी एकच छर्रा सोडते. मागचा दट्ट्या ओढा, नेम धरा, सोडा, परत ओढा. ही माणसं तासभर गवतात पालथी पडून राहतात आणि दोनदा खटका दाबतात. ते दोन छर्रे भलतीकडे गेले तर त्यांचा आठवडा फुकट जातो. मग ती आत्याकडे येतात.

आत्या बंदूक उघडते, दट्ट्याची हवा कुठून निसटते ते बघते, नळी आत हलते का ते बोटाने ठोकून ऐकते. सगळ्यात जास्त वेळ रबरावर घालवते. नळी जिथे सुरू होते तिथे आत रबराची एक छोटी बांगडी असते, वरून किंचित दाबलेली. छर्रा तिला घासून पुढे जातो, त्या घासण्याने त्याला उलटी फिरकी मिळते, आणि त्या फिरकीवर तो लांबपर्यंत सरळ तरंगत जातो. जेवून उठल्यावर आत्या कोपरापर्यंत हात धुते आणि मगच त्या रबराला हात लावते. मी एकदा भजी खाल्लेल्या बोटांनी ते उचललं होतं, तर तिने ते माझ्या हातून काढून सरळ कचऱ्यात टाकलं.  नुसतं तिसरं "हं".

बंदूक जमली की घराच्या मागे पुठ्ठ्याचं गोदाम आहे, तिथे जायचं. गोदामवाल्यांनी किल्ली देऊन ठेवलीय. गठ्ठ्यांच्या मधून चाळीस पावलांची सरळ वाट आहे. टोकाला हातभर लांबीचं पांढरं कार्ड लावायचं आणि पाच छर्रे सोडायचे. पाचही भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली पाहिजेत. आत्या खरंच बशी घेऊन जाते, निळ्या काठाची. झाकली गेली तर तेच कार्ड दोऱ्याने बंदुकीला बांधते, बंदूक नळी खाली करून फळीला उभी करते आणि आत जाऊन अर्धा तास आडवी होते. तिची सही, शिक्का, हमी, जे काय म्हणाल ते ते कार्ड.

आता आजोबा. आत्या त्यांना अण्णा म्हणते आणि ते तिला, अजूनही, बेबी म्हणतात. "बेबी, चष्मा लाव." "बेबी, ते उलटं धरलंयस." पन्नाशीच्या बेबीचे केस कानामागे पांढरे झालेत.

अण्णा तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रांचे मिस्त्री होते. दोनशे मशीन आणि एक मिस्त्री. हाताखालच्या पोरांनी मशीन दुरुस्त केलं की आधी ते चिंधीवर चालवायचं. अण्णा येऊन कान लावणार. डोळे मिटलेले. आवाज पसंत पडला नाही तर एकच शब्द, "खोल." पसंत पडला तर शब्द नाहीच. खिशातून लांब चोचीची तेलदाणी काढायची, तिचं पत्र्याचं बूड अंगठ्याने दाबायचं, टुक, आणि एक थेंब. बाकी तेलपाणी पोरं करायची, पण हा शेवटचा थेंब फक्त मिस्त्रींचा. तो पडला म्हणजे मशीन पास.

आत्याने त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत तुझ्या किती मशीनवर थेंब पडला, असं विचारलं तर ती म्हणते, "चार." तिला आठवावं लागत नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा अण्णा तेलदाणी घरी घेऊन आले आणि आत्या बंदुकांकडे वळली. त्यावर अण्णांचं मत तयार होतं. "मोठ्या माणसांनी चोर-पोलीस खेळायचं, आणि माझ्या पोरीने त्यांची खेळणी पुसायची. पोरखेळ!" 'पोरखेळ'मधला 'ळ' ते असा काही ओढतात की दाराला खीळ घातल्यासारखं वाटतं. मग ते दारातल्या खुर्चीत बसून दिवसभर तो पोरखेळ बघत राहतात. मधून मधून उठून घरातल्या बिजागऱ्यांना तेल देतात. आमच्या घरात एकही दार कुरकुरत नाही, त्यामुळे कोण कधी आत आलं ते कळतच नाही. आणि खालच्या मजल्यावर कुठेही उभं राहिलं तरी त्या पातळ, पांढऱ्या तेलाचा वास. म्हणजे असणार. आम्हाला तो येत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून बंदुका परत यायला लागल्या.

पहिली आली तेव्हा आत्याला काही वाटलं नाही. मालक म्हणाला, छर्रे वर उडतात, मग खाली पडतात, मग डावीकडे जातात. आत्याने नेहमीप्रमाणे आधी स्पिरिटच्या फडक्याने नळी आणि रबर स्वच्छ केलं. तिचा नियमच आहे, आधी आंघोळ, मग तपासणी. मग दट्ट्याचा वायसर बदलला, गोदामात नेली, पाच भोकं बशीखाली. "वायसरच होता," ती म्हणाली. पुढची आली तेव्हा नळी हलत होती, निदान तसं वाटलं. तिला कागदाची पट्टी गुंडाळली, पाच भोकं बशीखाली. मग दुर्बिणीचा स्क्रू. मग खटक्याची स्प्रिंग. दर वेळी आंघोळ, दर वेळी नवा संशय, दर वेळी बशी. आणि आठवड्याभरात पुन्हा कुणीतरी दारात.

तिच्या वहीत, मागच्या पानावर, परत आलेल्यांची यादी होती. दहा ओळी झाल्या. एकदा ती मला दाखवून म्हणाली, "यात एक गंमत बघ." गंमत म्हणताना तिचा चेहरा गमतीचा नव्हता. "भाड्याच्या बंदुका एकदाही परत आल्या नाहीत. लांबमधल्या ज्या मी घाईत उरकल्या त्याही नाही आल्या. ज्या मन लावून केल्या तेवढ्याच येतात."

"मग मन नको लावूस," मी म्हटलं.

"हंऽ," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिला एकच स्क्रू तीनदा काढून तीनदा बसवताना मी पाहिलं. स्वतःच्या हाताकडे ती असं बघत होती जसं आपण दुकानदाराने परत दिलेल्या फाटक्या नोटेकडे बघतो.

मग मैदानवाले आले. मैदानवाले म्हणजे तो कौलांचा कारखाना भाड्याने घेऊन खेळ चालवणारे गृहस्थ. त्यांचं प्रत्येक वाक्य "बरोबर की नाही?" वर थांबतं, आणि तुम्ही मान हलवल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही.

"बाई, तुमच्या हाताला नाव आहे. बरोबर की नाही?"

आत्याने मान हलवली.

"पण पोरं आता काय काय बोलायला लागलीत. मी म्हणत नाही, पोरं म्हणतात. म्हणतात, कार्डावरची भोकं बाई घरी बसून पेन्सिलीने पाडतात."

आत्याने मान हलवली नाही, त्यामुळे मैदानवाल्यांची जरा पंचाईत झाली. शेवटी ते स्वतःच पुढे सरकले. "रविवारी मोठा सामना आहे. दातवाल्या डॉक्टरांची बंदूक दोनदा परत आलीय. तिसऱ्यांदा आली, तर लांब बंदुका मी दुसऱ्या कारागिराकडे पाठवणार. माझाही नाइलाज आहे. बरोबर की नाही?"

ते गेल्यावर आत्याने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि खणात ठेवली. आणि मग खणाला कुलूप लावलं.

दातवाले डॉक्टर फार मऊ बोलतात. समोरच्याचं तोंड कायम उघडं आहे असं धरून बोलतात, म्हणजे उत्तराची वाटच बघत नाहीत. "काही नाही हं, थोडंसंच, झालंच." आत्याने त्यांना शनिवारी सकाळी मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर रबर नवं घातलं, त्यांच्यासमोर नळी बसवली, गोदामात नेलं आणि बंदूक त्यांच्याच हातात दिली. "तुम्ही मारा. मी हात लावत नाही."

डॉक्टरांनी पाच छर्रे सोडले. आत्याने बशी ठेवली. पाचही भोकं झाकली गेली, निळ्या काठाबाहेर कार्ड कोरं राहिलं.

"वा," डॉक्टर म्हणाले. "आता दुखणार नाही हं."

त्यांचा दवाखाना उघडायची वेळ झाली होती. बंदूक दुपारी मैदानवाल्यांची गाडी येऊन नेणार होती. आत्याने कार्ड बांधलं, बंदूक नळी खाली करून फळीला उभी केली आणि आत जाऊन पडली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली असावी, कारण ती घोरत होती. मी जिन्यात बसून तिचं घोरणं शिकत होते. मध्ये एकदा टुक असं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने परत टुक. अण्णांच्या बिजागऱ्या. तो आवाज मला लहानपणापासून काढता येतो, जीभ टाळ्याला चिकटवून एकदम सोडायची. मी बसल्या जागी काढून पाहिला. हुबेहूब.

रविवारी डॉक्टरांनी नऊ छर्रे सोडले. एक त्यांच्याच टोळीतल्या माणसाच्या पाठीत बसला आणि तो प्रामाणिकपणे हात वर करून बाहेर गेला.

सोमवारी सकाळी डॉक्टर आणि मैदानवाले दोघेही आले. अण्णा दारातल्या खुर्चीत होते. मैदानवाले काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ते फार वाईट लक्षण होतं. आत्याने बंदूक घेतली, दट्ट्या काढून ठेवला आणि सवयीने स्पिरिटच्या फडक्याकडे हात नेला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "धुताय काय लगेच? आम्ही आधी आ करायला लावतो, चूळ नंतर. तीन दाढा काढल्यात बाई तुम्ही, दुखणं तिथंच आहे. आधी बघू तर द्या."

त्यांनी दट्ट्याच्या रिकाम्या जागेत आधी डोळा लावला आणि मग, दातवाल्याच्या सवयीने, नाक.

"अरे!" त्यांचा आवाज एकदम बदलला, शाळकरी झाला. "हा तर माझ्या आईच्या शिवणयंत्राचा वास! शाळेतून आलो की दारातच यायचा. तुमच्या घरातही येतो तसाच. पण इथे आत जास्त आहे."

आत्याने बंदूक त्यांच्या हातून घेतली. स्वतः वास घेतला. मग करंगळीला कोरडी चिंधी गुंडाळून आत फिरवली आणि ती चिंधी खिडकीच्या उजेडात धरली. चिंधी पारदर्शक झाली होती.

मला टुक आठवलं. दोन टुक. आणि त्याआधीचे सगळे, दुपार दुपारचे. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते, तिथेच खिळून राहिले.

दुरुस्त करणाऱ्याने आधी धुवायचं आणि मग दोष शोधायचा. दहा वेळा आत्याने स्वतःच्या हाताने दोष पुसून टाकला होता आणि नंतर कपाळाला दिवा लावून तो शोधला होता.

"काय आहे, बाई?" मैदानवाल्यांनी विचारलं.

आत्याने दाराकडे पाहिलं नाही. मान इतकी ताठ धरली होती की न पाहणंच दिसत होतं. "तेल," ती म्हणाली. "रबराला तेल लागलंय. छर्रा सटकतो, फिरकी मिळत नाही. माझ्याकडून पडलं."

"तुमच्याकडून?" डॉक्टर म्हणाले. "शनिवारी तर माझ्यासमोर..."

"नंतर. दट्ट्याला द्यायला गेले. हात चुकला."

"अकरा वेळा?" मैदानवाले म्हणाले, आणि पहिल्यांदाच वाक्याच्या शेवटी काहीच जोडलं नाही.

"अकरा वेळा."

"तेल कधी चुकत नसतं," दारातून अण्णा म्हणाले. "चुकतो माणूस." आणि खुर्चीत समाधानाने हलले. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणाऱ्या लांब चोचीकडे. त्यांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मग मिटलं.

मैदानवाल्यांनी फळीवरच्या तिन्ही लांब बंदुका नीट कापडात गुंडाळून नेल्या. जाताना म्हणाले, "वय झालं की हात चुकतो, बाई. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भाड्याच्या राहू द्या तुमच्याकडे." आत्याने मान हलवली.

ते गेल्यावर ती स्टूल ओढून अण्णांसमोर बसली.

"अण्णा, बंदुकांना तेल देत होता तुम्ही?"

"दिलं. मग?"

"सगळ्या?"

"सगळ्या कशाला? त्या टरटऱ्यांना मी हातसुद्धा लावत नाही. लांबमधल्याही, ज्या पास झाल्या त्यांनाच." अण्णांचा आवाज मिस्त्रींचा झाला. "दुपारी तू झोपलीस की दट्ट्या ओढून बघायचो. कान लावून. बेबी, काय आवाज काढलायस तू त्यांचा! जाताना एक, येताना एक, मध्ये कुठे खरखर नाही. घाईत केलेल्या मला लगेच कळायच्या. त्या सोडून दिल्या."

"किती पास झाल्या?"

"ही धरून अकरा वेळा. या दातवाल्याच्या बंदुकीला शनिवारी दोन थेंब दिले. सारखी परत येत होती, म्हटलं सुकत असेल."

 आत्या अंगठ्याने चिंधीचा काठ चुरत बसली. नऊ वर्षांत चार, आणि चार महिन्यांत अकरा. ती हसेल असं मला वाटलं, आणि तिचा चेहरा खरंच तसा व्हायला लागला, पण मध्येच थांबला.

"अण्णा, नळी सुरू होते तिथे आत रबर असतं. छर्रा त्याला घासून जातो. ते कोरडंच लागतं. बंदूक उलटी उभी असते, थेंब ओघळून तिथेच जातो."

अण्णांनी भुवया जवळ आणल्या. हवेत एक बोट गोल फिरवलं, मग दुसरं बोट त्याला घासत पुढे नेलं. दोनदा. "म्हणजे पट्टा," ते म्हणाले. "मशीनच्या चाकाचा पट्टा. पकडून ओढतो तो."

"हो. पट्टाच धरा."

कारखान्यात एका पोराने एकदा पट्ट्यावर तेल सांडलं होतं, तर अण्णांनी त्याला सगळ्यांसमोर हाकलून दिलं होतं. ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झालीय. पट्ट्याला तेल देणारा कधी मिस्त्री होणार नाही, अशी ती संपते.

"पट्ट्याला तेल दिलं मी," अण्णा म्हणाले. फार हळू. मग आणखी काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं. "आणि तू म्हणालीस, तुझ्याकडून पडलं."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"विचारायला पाहिजे होतं. पोरखेळ आहे, काय विचारायचं त्यात, असं वाटलं मला." ते उठले. टेबलाशी गेले, खिशातून तेलदाणी काढली, आत्याच्या पान्यांच्या रांगेत शेवटी ठेवली आणि सरळ केली. "ठेव तुझ्याकडे."

"अण्णा, असं नका करू. बिजागऱ्यांना लागेल."

"ठेव," ते म्हणाले आणि वर गेले.

मिस्त्री काम सोडतो तेव्हा तेलदाणी पुढच्याच्या हातात देतो, अशी त्या कारखान्याची पद्धत होती. अण्णांनी तेव्हा ती कुणालाच दिली नव्हती. आत्याने तिला हात लावला नाही. तिच्याभोवतीची धूळ पुसते, पण तिला उचलत नाही.

तीन आठवडे फक्त टरटऱ्या आल्या. मैदानावर आता पेन्सिलीचं कुणी बोलत नाही, बाईंचा हात गेला असं बोलतात. अण्णा खाली येत नाहीत. जेवण वरच. मधल्या दाराची बिजागरी कुरकुरायला लागली. आत्या जिन्यातून ओरडली, "अण्णा, मधलं दार वाजतंय हो!"

वरून आवाज आला, "वाजू दे. कोण आलं ते तरी कळेल."

चौथ्या आठवड्यात दातवाले डॉक्टर एकटेच आले, बंदूक गोणपाटात लपवून. "मैदानवाल्यांना सांगू नका हं. त्या दुसऱ्या कारागिराने फार ठोकाठोक केलीय. तुम्हीच बघा, काही नाही, थोडंसंच आहे." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

आत्याने दोन दिवस घेतले. आधी आ करायला लावलं, चूळ नंतर. गोदामात पाच छर्रे, बशी, काठाबाहेर कार्ड कोरं. कार्ड बांधलं, बंदूक फळीला उभी केली आणि आत जाऊन पडली.

मी जिन्याखाली होते. मधलं दार कुरकुरलं. अण्णा भिंतीला धरत खाली आले आणि बंदुकीसमोर उभे राहिले. सदऱ्याच्या खिशाकडे हात गेला, रिकाम्या खिशात बोटं जाऊन परत आली. त्यांनी दट्ट्या ओढला, डोळे मिटून कान लावला. सोडला. परत ओढला. मग बंदूक होती तशी उभी केली, कार्ड सरळ केलं आणि वर गेले. दार पुन्हा कुरकुरलं.

"काय केलं त्यांनी?" आतून आत्याने विचारलं. ती झोपली नव्हती.

"ऐकलं."

"आणि?"

"आणि वर गेले."

"खोल म्हणाले?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

"काहीच नाही."

आत्या उठून दारात आली. तिने बंदुकीकडे पाहिलं, तेलदाणीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहत राहिली, माझ्याकडून आणखी काहीतरी निघेल अशी. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली होती, सोडली असती तर टुक. मी ती तशीच ठेवली.